कसारा घाटात अडकलेला कॉम्प्युटर

२०२५ चा ऑक्टोबर महिना होता. दिवाळीची गिऱ्हाईकी तोंडावर आलेली. नाशिकच्या दूधबाजारापासून मेनरोडपर्यंत कापडाच्या दुकानांत कोणाला मान वर करायला फुरसत नव्हती. अशा गर्दीत शेजारचे एक व्यापारी माझ्या गादीवर येऊन बसले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "भाई, ऐकलं का? चौदा तारखेनंतर जुने कॉम्प्युटर बंद पडणार म्हणे. बिलं कशी काढायची?" दुसरे म्हणाले, "घाई करू नका. जीएसटी उतरलाय, नवीन मशीन आणखी स्वस्त होईल." तिसऱ्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर वाचले होते की, लवकरच असे मशीन येणार आहे ज्याला नुसते तोंडाने सांगितले की खातेवही आपोआप लिहिली जाईल. तेव्हा आज पैसे घालवण्यात काय शहाणपण?

चहा संपला, तिघेही उठून गेले. तिघांपैकी एकानेही मशीन घेतले नाही. आणि एकानेही आपल्या जुन्या मशीनमधल्या उधारीची नक्कल पेनड्राइव्हवर काढून ठेवली नाही.

मला हसू आले, पण ते त्यांचे नव्हे, स्वतःचे. कारण हीच बोलणी मी १९८९ पासून ऐकत आलो आहे. त्यातली काही मी स्वतः पसरवलेली आहेत, आणि त्यांची किंमतही मोजलेली आहे. म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंसमोर आज हा विषय मांडतो. येणाऱ्या मशीनची अफवा ही नुसती गंमत नसते. तिचा खर्च असतो, आणि तो खर्च वहीत कुठेच लिहिला जात नाही.

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातली बैठक

१९८९ साली मी नुकताच शाळेतून बाहेर पडलो होतो. शिक्षण सगळे उर्दू माध्यमात. इंग्रजी अक्षर अक्षर जुळवून वाचायचो. आमच्या मोहल्ल्याजवळ टीव्ही दुरुस्तीचे एक दुकान होते. त्या दुकानदाराने एक लहानसा घरगुती कॉम्प्युटर आणला होता. ब्रिटनमध्ये १९८२ साली सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम निघाला. त्याचीच पुढची आवृत्ती डेसिबेल्स नावाच्या कंपनीने भारतात विकायला काढली होती. टीव्हीला वायर जोडायची, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, चार-पाच मिनिटे किर्र आवाज ऐकायचा आणि मग पडद्यावर खेळ किंवा प्रोग्राम उमटायचा. कॅसेट मध्येच अडकली की पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी आम्ही सहा-सात मुले तिथे जमायचो. त्यात शिंप्याचा मुलगा होता, भंगारवाल्याचा होता, कॉलेज रोडवरून सायकलीने येणारा एका मराठी मास्तरांचा मुलगाही होता. मुंबईच्या फोर्ट भागातल्या फुटपाथवरून कोणी जुनी इंग्रजी कॉम्प्युटर मासिके आणायचा. त्यातल्या जाहिराती आम्ही डिक्शनरी घेऊन वाचायचो. मासिक दोन-तीन वर्षांचे शिळे असायचे, त्यामुळे 'येणार आहे' म्हणून छापलेले मशीन तोवर येऊन गेलेले तरी असायचे किंवा कायमचे गडप झालेले तरी. आम्हाला मात्र ते ताजेच वाटायचे. कोणी म्हणायचा, हजारो रंग दाखवणारा अमिगा पुढच्या महिन्यात मुंबईत मिळणार. कोणी म्हणायचा, त्याच्या आतेभावाने दुबईत तो डोळ्यांनी पाहिला.

महिने गेले, अमिगा काही आला नाही. मग थट्टा सुरू झाली. कोणी विचारायचा, "कुठपर्यंत आला रे तुझा अमिगा?" दुसरा उत्तर द्यायचा, "कसाऱ्यात अडकलाय. मागून इंजिन लागल्याशिवाय घाट चढत नाही." नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. मुंबईकडून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, मागे जादा इंजिने लागतात आणि मगच ती इगतपुरीकडे निघते. पुढे आमच्या मंडळीत न येणाऱ्या प्रत्येक वस्तूला 'कसाऱ्याचा माल' हेच नाव पडले. आजही त्यातला एखादा मित्र भेटला की आम्ही हाच शब्द वापरतो.

आज मला वाटते, त्या थट्टेत शहाणपण होते. अफवा ऐकताना आम्ही पोरे होतो. थट्टा करू लागलो तेव्हा गिऱ्हाईक झालो होतो.

अठ्ठावीस दिवसांचा वादा

हा प्रकार आपल्याकडेच घडतो असे कोणी समजू नये. ज्या सिंक्लेअर कंपनीच्या मशीनवर आम्ही शिकलो, तिने १२ जानेवारी १९८४ रोजी लंडनमध्ये 'क्यूएल' नावाच्या नव्या कॉम्प्युटरची घोषणा केली. किंमत ३९९ पौंड. पैसे पाठवा, अठ्ठावीस दिवसांत माल घरपोच, असा वादा. वस्तुतः तेव्हा मशीन तयारच झालेले नव्हते. त्याच महिन्यात, २४ जानेवारीला, अमेरिकेत ॲपलचा मॅकिंटॉश येणार होता. त्याच्या आधी नाव गाजवायची घाई होती, असे पुष्कळ जाणकार मानतात. पहिली यंत्रे गिऱ्हाईकांच्या हाती पडायला एप्रिलचा शेवट उजाडला. तीही कशी, तर आतला प्रोग्राम ठरलेल्या चिपमध्ये मावला नाही म्हणून मागच्या बाजूला सर्किटचा एक तुकडा लोंबता लावून दिलेला. शिवण राहिलेला कुर्ता टाचणी लावून गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा, तसाच प्रकार. तिकडच्या शौकीन मंडळींनी त्या लोंबत्या तुकड्याची आणि 'अठ्ठावीस दिवसांची' भरपूर टर उडवली.

पण याच क्यूएलची आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त मोलाची वाटते. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एका मुलाने हे बदनाम झालेले मशीन घेतले. त्याच्यासाठी बाजारात सॉफ्टवेअर फारसे मिळत नव्हते, म्हणून तो स्वतःच त्याचे प्रोग्राम लिहू लागला. १९९१ च्या जानेवारीत त्याने नवे मशीन घेतले आणि त्याच वर्षी 'लिनक्स' लिहायला घेतले. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी हेच लिनक्स आहे. जग ज्या मशीनवर हसत होते, त्यावर त्या मुलाने आपला हात बसवून घेतला. तो आणखी चांगल्या मशीनची वाट पाहत बसला असता, तर एवढे शिकला असता का, याचा विचार प्रत्येक कारागिराने करावा.

दुकानातला माल मारणारी बातमी

अफवेचा तडाखा घेणाऱ्याला बसतो तसाच विकणाऱ्यालाही बसतो. याचे गाजलेले उदाहरण ॲडम ऑसबोर्न यांचे. हे गृहस्थ इंग्रज वडिलांचे, पण बालपण तामिळनाडूतल्या तिरुवन्नामलईत गेलेले. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी १९८१ साली 'ऑसबोर्न-१' हा सुटकेससारखा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर काढला. वजन सुमारे अकरा किलो, किंमत १,७९५ डॉलर. माल धडाक्याने खपू लागला. १९८३ मध्ये त्यांच्याच कंपनीच्या याहून सरस मॉडेलची चर्चा बाजारात पसरली. झाले! दुकानदारांनी विचार केला, नवे येणारच आहे तर जुने कशाला भरायचे? ऑर्डरी थांबल्या, गोदामात माल साचला, हाती रोकड उरली नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. येणाऱ्या मालाच्या बातमीने हातातला माल मरतो, या प्रकाराला व्यापारी जगात त्यांचेच नाव पडले आहे. न्यायाने बोलायचे तर काही अभ्यासक म्हणतात की कारण एवढे एकच नव्हते. स्पर्धा वाढली होती आणि पैशाचा कारभारही ढिला होता. ऑसबोर्न पुढे भारतात परतले आणि २००३ साली कोडाईकनालला वारले.

कापडाच्या व्यापाऱ्याला हे नवीन नाही. मालेगावात कोणी हवा सोडतो की पुढच्या आठवड्यात सूत उतरणार. खरेदीदार हात आखडतात, गाठी पडून राहतात आणि दोन दिवस माग थंड होतात. पण सुताच्या अफवेत आणि कॉम्प्युटरच्या अफवेत एक मोठा फरक आहे. सूत उतरेल तसे चढेलही. म्हणून व्यापारी दोन्हीकडे पाहतो. कॉम्प्युटरचे तसे नाही. इंटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक गॉर्डन मूर यांनी १९६५ साली लिहिले की, एका चिपवर मावणाऱ्या भागांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनी तो काळ दोन वर्षांचा केला. पुढची कित्येक दशके साधारण तसेच घडत गेले. म्हणजे 'थांबा, पुढच्या साली याहून चांगले मिळेल' हे वाक्य कॉम्प्युटरच्या बाबतीत बहुतेक वेळा खरेच ठरते. आणि म्हणूनच ते घातक आहे. खोटी अफवा एक दिवस उघडी पडते. ही मात्र दरवर्षी खरी ठरते आणि माणसाला दरवर्षी थांबवते.

आपल्या देशातले स्वस्त मशीन

आपल्या देशात अफवेचे रूप थोडे वेगळे होते. तिकडे 'सगळ्यांत वेगवान' मशीनची चर्चा असे, इकडे 'सगळ्यांत स्वस्त' मशीनची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि एका कंपनीने मिळून 'सिम्प्युटर'ची कल्पना मांडली. २००१ मध्ये नमुना दाखवला, किंमत नऊ हजारांच्या आसपास राहील असे सांगितले. कमी शिकलेल्या माणसालाही वापरता यावे, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवावा, असा चांगला हेतू. बाजारात प्रत्यक्ष यायला २००४ उजाडले. तोवर लोकांच्या हाती मोबाइल फोन येऊ लागले होते. कल्पना खोटी नव्हती. पण मशीन वेळेवर आले नाही.

त्यानंतर 'दहा डॉलरचा लॅपटॉप' आला, म्हणजे बातमी आली. 'साक्षात' या नावाने ३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपतीला जे दाखवले गेले, तो लॅपटॉप नव्हताच. माहिती साठवणारी एक लहान पेटी होती. त्या काळी कॅनडा कॉर्नरच्या कॉम्प्युटर दुकानांत मुले म्हणत, नाव साक्षात, पण दर्शन मात्र नाही.

मग आला 'आकाश'. २०१० च्या जुलैमध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या टॅब्लेटचा नमुना दाखवला. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत डेटाविंड कंपनीचा 'आकाश' समारंभपूर्वक बाहेर पडला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. बाजारात विकण्याच्या आवृत्तीसाठी लाखो लोकांनी नावे नोंदवली. सात इंचाचा पडदा, दाबल्याशिवाय न कळणारा स्पर्श, मंद चाल. वर्षभराने, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, सुधारलेला 'आकाश-२' राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते निघाला. पण देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती टॅब्लेट देण्याचे जे स्वप्न दाखवले होते, ते त्या मशीनने पुरे झाले नाही. आमच्याकडची पोरे म्हणत, "आकाश दिसतं सगळ्यांना, हाताला लागत नाही कोणाच्या."

मात्र थट्टाच नेहमी खरी ठरते, असेही नाही. त्याच सुमारास ब्रिटनमधली काही मंडळी ३५ डॉलरमध्येच एक कॉम्प्युटर देऊ म्हणत होती. नाव 'रास्पबेरी पाय'. विक्री सुरू झाली २९ फेब्रुवारी २०१२ रोजी. थट्टा करायला तारीखही आयतीच. पण मशीन खरोखर आले. पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली की विक्रेत्यांच्या वेबसाइट कोलमडल्या. पुढे अशा कोट्यवधी पाट्या खपल्या. फरक कुठे होता? त्यांनी सांगितले कमी आणि दिले तेवढेच. पडदा नाही, कीबोर्ड नाही, डबा नाही, नुसती सर्किटची पाटी. ज्याला काम करायचे त्याने बाकीचे जोडून घ्यावे. व्यापारात यालाच सचोटी म्हणतात. मालाचा दोष आधी सांगावा आणि जो माल आपल्या ताब्यात नाही तो विकू नये, हे आपल्याला घरातूनच शिकवलेले आहे.

मुनशीजींची वही

आता माझी गोष्ट. वडिलांच्या वेळेपासून आमच्या दुकानात एक मुनशीजी होते. उधारीची वही तेच लिहीत. उर्दूत, शिकस्ता वळणात, आणि त्यातही स्वतःच्या खुणांनी. सिन्नरच्या एखाद्या शिंप्याला दोन अक्षरे, इगतपुरीच्या दुकानदाराला एक टिंब. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस, पण ती वही मलाही लागत नसे. विचारले की ते एका दमात सांगत, म्हणून कधी अडले नाही.

१९९५ च्या सुरुवातीला मी ठरवले की कॉम्प्युटर घ्यायचा आणि वही त्यात उतरवून घ्यायची. पैसेही बाजूला काढले होते. एका जाणकाराने सांगितले, "ऑगस्टपर्यंत थांबा, विंडोज ९५ येतंय." थांबलो. ते २४ ऑगस्ट १९९५ ला आले. तेव्हा दुसरा म्हणाला, "आता ४८६ घेऊ नका, पेंटियम उतरतोय." थांबलो. १९९७ च्या जानेवारीत एमएमएक्स नावाचा पेंटियम निघाला, मे महिन्यात पेंटियम-२. प्रत्येक वेळी मला वाटले की थांबलो ते बरे झाले. आणि खरेच, भाव उतरत होते. मी स्वतःला मोठा हुशार समजत होतो.

१९९८ साली मुनशीजींना अर्धांगवायू झाला. जबान गेली. दोन महिन्यांत ते अल्लाहला प्यारे झाले. माझ्यासमोर वही उघडी होती आणि मला ती वाचता येत नव्हती. शहरातल्या दोन बुजुर्गांना दाखवली. अक्षरे त्यांना लागली, खुणा लागल्या नाहीत. काही गिऱ्हाईके स्वतःहून आली. सिन्नरचा एक शिंपी एसटीने आला, १,८५० रुपये मोजून ठेवले आणि म्हणाला, "मुनशीजींकडे माझं एवढं लिहिलं होतं." अशा माणसांमुळेच व्यापारात बरकत आहे. पण सगळेच तसे नव्हते. माझ्या अंदाजाने एक लाख चाळीस हजारांची उधारी बुडाली. तीन वर्षे थांबून कॉम्प्युटरच्या किमतीत जे वाचले असते, त्याच्या कितीतरी पट जास्त.

तरी माझी खोड मोडली नाही. १९९९ मध्ये घ्यायला निघालो तर सगळीकडे वायटूकेची चर्चा. १ जानेवारी २००० ला सगळे कॉम्प्युटर थांबणार म्हणे! पुन्हा थांबलो. ती अडचण खरी होती, पण जगभरच्या प्रोग्रामरांनी आधीच मेहनत घेऊन ती बहुतांशी मिटवली होती. १ जानेवारी उजाडली, दिवे चालू होते, बँका चालू होत्या. फेब्रुवारीत मी मशीन घेतले. पाच वर्षांची वाट पाहून घेतलेले ते मशीन दोन वर्षांत जुने झाले, ही गंमत वेगळीच. पण त्या दोन वर्षांत उधारीचा एक रुपया विसरला गेला नाही.

आजच्या अफवा, आजची वस्तुस्थिती

आता माझ्या गादीवर बसून गेलेल्या त्या तिघांकडे वळू.

पहिली गोष्ट, विंडोज १०. २०१५ साली ते आले तेव्हा कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीरपणे म्हटले होते की ही शेवटची विंडोज आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ आले! म्हणजे अफवा नेहमी बाहेरचेच पसरवतात असे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, हे खरे. पण म्हणून मशीन बंद पडले नाही. थांबले ते सुरक्षेचे नियमित अपडेट. घरगुती वापराच्या यंत्रांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत ठेवली. तात्पर्य, घाबरण्याचे कारण नव्हते, पण झोपून राहण्याचेही नव्हते. बँकेचे आणि जीएसटीचे काम ज्या मशीनवर चालते, ते असुरक्षित ठेवणे म्हणजे रात्री दुकानाचे शटर अर्धे उघडे ठेवणे.

दुसरी गोष्ट, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. मोठे टीव्ही आणि मोठे मॉनिटर २८ वरून १८ टक्क्यांवर आले. कॉम्प्युटर आणि लॅपटॉप आधी १८ वर होते, ते १८ वरच राहिले. ज्यांनी 'आणखी स्वस्त होईल' म्हणून वाट पाहिली, त्यांना उलटा अनुभव आला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. २०२३ मध्येही असाच गोंधळ झाला होता. ३ ऑगस्टला लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असा आदेश निघाला. लॅपटॉप मिळणारच नाहीत अशी बोंब उठली. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. त्या एका दिवसाच्या धास्तीत कोणी जादा पैसे मोजून मशीन उचलले असेल, तर त्याने अफवेचाच कर भरला.

तिसरी गोष्ट, आपोआप हिशोब लिहिणारे मशीन. तेही येईल. काही अंशी आलेलेही आहे. पण तोंडाने सांगितलेला हिशोब लिहायला आधी हिशोब असावा लागतो. ज्याची उधारी कुठेच नोंदलेली नाही, त्याला कोणते मशीन काय सांगणार?

थांबण्याचा हिशोब

कधीच थांबू नये, असे माझे म्हणणे नाही. हातात काम नसेल तर मशीन घेऊ नये. आहे ते मशीन नीट चालत असेल तर शेजाऱ्याने नवे घेतले म्हणून आपण घेऊ नये. पण थांबायचे तर कापडाचा भाव काढतो तसा त्याचाही भाव काढावा. समजा मशीन चाळीस हजारांचे आहे आणि सहा महिन्यांत ते दहा टक्के उतरेल. वाचले चार हजार. त्या सहा महिन्यांत महिन्याला एक हजाराची उधारी विसरली गेली तर गेले सहा हजार. म्हणजे थांबून दोन हजारांचा तोटा. कारागिराने तर हातचे गेलेले एखादे काम धरले तरी पुरे.

आणि अफवा कानावर आली की तीन प्रश्न विचारावेत. मशीन कोणी हातात घेऊन चालवले आहे का? बनवणाऱ्याने स्वतः तारीख आणि किंमत सांगितली आहे का? आणि ज्याने मला सांगितले, त्याला मी थांबल्याने काही फायदा आहे का? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर तो कसाऱ्याचा माल समजावा आणि ती बातमी पुढे पाठवू नये. खातरजमा न करता ऐकीव गोष्ट पुढे सांगणे बाजारातही शोभत नाही आणि आपल्या तालमीतही बसत नाही.

माझा एक भाचा मालेगावला असतो. साड्यांच्या काठांची डिझाइन कॉम्प्युटरवर करून देतो. त्याचे मशीन बिघडले तेव्हा त्याने फोन केला, "मामू, नवं मॉडेल येतंय म्हणतात, थांबू का?" मी विचारले, "हातात काम किती आहे?" म्हणाला, "दोन ऑर्डरी." मी म्हणालो, "मग उद्या नाशिकला ये." कॅनडा कॉर्नरला जाऊन आम्ही एक वापरलेले पण धड मशीन पारखून घेतले. संध्याकाळच्या एसटीने तो ते घेऊन गेला. आठवड्याने दोन्ही डिझाइन पोहोचती झाली. नवे मॉडेल अजून आलेले नव्हते.

व्यापारी बंधूंनो, नवे मशीन घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने आपल्या गल्ल्याकडे पाहून ठरवावे. पण एक काम बिनखर्चाचे आहे. आज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी उधारीची एक नक्कल काढा. मशीनमध्ये असेल तर पेनड्राइव्हवर, वहीत असेल तर साध्या स्वच्छ अक्षरात दुसऱ्या वहीत. आणि घरातल्या एका माणसाला ती वाचून दाखवा. त्याला ती वाचता आली पाहिजे.